गुणाजी परटानं खळ काढली

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून त्याच्याकडंच कपडे टाकतात, उगाच कुणाची इस्त्री बिघडायला नको. तर त्या गावात एक भोळा परीट होता. नाव गुणाजी. त्याला मूर्ख म्हणू नका. मूर्ख माणूस कुणाचं ऐकत नाही, गुणाजी सगळ्यांचं ऐकायचा. सांगितलं तेवढं करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. विसरू नये म्हणून खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारून ठेवायचा.

त्याच्या हातची खळ नावाजलेली होती. निकम गुरुजींची पांढरी टोपी त्यानं खळ घालून इस्त्री केली की आठवडाभर मोडायची नाही. गुरुजी निवृत्त झाले होते, पण टोपी अजून कामावर असल्यासारखी दिसायची.

गुणाजीची बायको हौसा. डोक्यानं तल्लख, जिभेनं तिखट. पण दोन वर्षांपासून तिला संधिवातानं धरलं होतं. सकाळी उठली की पाठ फळीसारखी ताठ. बोटं सुजलेली, मूठ मिटायची नाही. तास-दीड तासानं अंग जरा सैल व्हायचं, पण वाकणं बंदच झालं होतं. दोरीवरचा चिमटा खाली पडला तर तो गुणाजीनंच उचलायचा.

तशात वरच्या आळीतून निरोप आला. हौसाच्या भावाला, रंगरावाला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला होता. सव्वा महिन्यानं बारसं, आणि आत्या म्हणून नाव हौसानंच ठेवायचं. हौसा आधी हसली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

गुणाजी घाबरला. "काय झालं गं?"

"अवो, नाव ठेवायचं म्हंजी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायला लागतंय. वाकू कशी मी? नऊ वरसं वाट बघितली त्या पोराची, आन आता आत्या उभ्यानंच वरडणार व्हय?"

दुसऱ्या दिवशी गुणाजीनं इस्त्री थंड ठेवली आणि हौसाला तालुक्याला बागवान डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या चुकवायच्या नाहीत. त्याच्या जोडीला खाण्यातला स्टार्च कमी करून बघू. भात, भाकरी, चपाती, बटाटा, डाळी, साबुदाणा, सगळं महिनाभर बंद. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, पण काहींना पडतो."

गुणाजीचा चेहरा उजळला. "स्टार्च? म्हंजी आमची खळच की! आता कळलं बाई, ही सकाळची एवढी ताठ का असती. खळ बसलीय हिच्यात. काळजी नको. तीन पाण्यांतनं काढतो, पिळतो, उनात घालतो. सांजपातूर मऊ."

हौसा म्हणाली, "मला पिळाल तर बघा."

"कपड्यातला नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाण्यातला काढायचा."

"खाण्यातला काढायचा," गुणाजी म्हणाला आणि त्यानं पंच्याला गाठ मारली.

हौसाची बोटं धड नसल्यानं स्वयंपाक त्याच्याकडंच आला. दुसऱ्या दिवशी त्यानं चार भाकरी थापल्या. चांगल्या टम्म फुगल्या. मग बादलीत घातल्या. एक पाणी, दोन पाणी, तिसरं पाणी. पिळायला घेतल्या तेव्हा त्यांतलं बरंचसं बोटांतून निसटून गेलं. राहिलं ते त्यानं दोरीवर वाळत घातलं आणि वर चिमटे लावले. कावळ्यांनी भाकरी नेल्या, चिमटे तेवढे ठेवले.

हौसा दारात उभी राहून बघत होती. "काय चाललंय?"

"खाण्यातला स्टार्च काढतोय. भाकरी बी निघाली त्याच्यासंगं."

"अवो, भाकरी धुवायची न्हाई, भाकरी बंदच करायची! स्टार्चचं जे असंल ते काढायचं आन त्याच्या जागी फ्लॉवर ठेवायचा. किसून वाफवला की भातावानी लागतोय, बाईंनी सांगितलंय."

"आन काढलेलं काय करू?"

"गुरुजींकडं द्या. त्यांना समदं चालतंय."

गुणाजीनं तीन गाठी मारल्या. स्टार्चचं काढायचं. त्या जागी फ्लॉवर. काढलेलं गुरुजींकडं.

त्यानं डब्यातले तांदूळ काढले, डब्यात फ्लॉवरचा गड्डा ठेवला. ज्वारीचं पीठ काढलं, तिथं गड्डा. बटाट्याच्या टोपलीत गड्डा. सगळं काढलेलं गुरुजींच्या दारात नेऊन ओतलं. गुरुजी एकटे राहायचे. एवढं धान्य बघून त्यांना वाटलं, गावानं आपली कदर केली. त्यांचे डोळे पाणावले.

पण गुणाजी एवढ्यावर थांबणारा नव्हता. स्टार्चचं जे असेल ते, असं हौसा म्हणाली होती. घरात सगळ्यांत जास्त स्टार्च कुठं होता? खळीच्या पातेल्यात. त्यानं खळ ओतून टाकली आणि पातेल्यात फ्लॉवर उकळून ठेवला. त्या आठवड्यात गावातले सगळे पांढरे कपडे फ्लॉवरच्या पाण्यातून निघाले. गुरुजींची टोपी डोक्यावर ठेवली की भिजलेल्या पोळीसारखी दोन्ही कानांवर उतरायची, आणि देवळात त्यांच्या शेजारी बसलेली माणसं विचारायची, कुणाकडं आज फ्लॉवरची भाजी आहे काय.

"अवो, खाण्यातलं काढायचं!" हौसानं कपाळावर हात मारला. निदान तेवढा हात वर जायला लागला होता. "कापडाला खळ पायजेच. आन लागतीय तेवढी घाला, चोरू नका."

गुणाजीनं गाठ मारली. कापडाला खळ पाहिजेच, चोरायची नाही.

मग हौसानं डॉक्टरीणबाईंनी दिलेली बाटली काढली. जखमेला लावायचं तपकिरी आयोडीन. "ह्येचा थेंब टाकायचा. ज्यात स्टार्च असंल ते काळंनिळं पडतंय. काळं पडलं की काढायचं. न्हाई पडलं तर मला चालतंय."

त्या दिवशी कोंबडीचा रस्सा होता. पीठ न लावता नुसत्या खोबऱ्या-कांद्यावर, आणि वास तर असा सुटला होता की हौसा ताट घेऊन आधीच बसली होती. गुणाजीनं पातेल्यात थेंब टाकला. काळं पडलं नाही. नीट दिसलं नसेल म्हणून आणखी टाकला. मग अर्धी बाटली ओतून ढवळलं. "हौसे! न्हाई पडलं काळं! तुला चालतंय!"

त्या रात्री हौसा दोन काकड्या खाऊन झोपली.

सकाळी तिनं त्याला समोर बसवलं. "खायच्या भांड्यात औषध वतायचं नसतंय. एक तुकडा कापायचा, बशीत ठेवायचा, त्यावर थेंब टाकायचा, आन तो तुकडा फेकून द्यायचा. ऱ्हायलेलं खायचं. घरात जे जे हाय ते असं तपासून घ्या."

गाठ मारली. घरात जे जे आहे ते.

दोडका तपासला, चालला. दुधी चालला. मेथी चालली. साबण चालला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा एक शनिवार कापून बघितला, तो काळा पडला. मग खुंटीवर गुरुजींची टोपी दिसली. नव्यानं खळ घालून, इस्त्री करून, न्यायला तयार ठेवलेली. गुणाजीनं कात्रीनं तिचा बरोब्बर मधला तुकडा कापला, बशीत ठेवला आणि थेंब टाकला. शाईसारखा काळा!

तेवढ्यात गुरुजीच दारात आले. गुणाजीनं टोपी त्यांच्या हातात दिली. "गुरुजी, हौसेला चालत न्हाई. तुमीच घ्या."

गुरुजींनी टोपी घातली. टोपीतून शेंडी वर आली. ते चाळीस वर्षं शाळेत होते, पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. "अरे गुणाजी," ते शांतपणे म्हणाले, "कापायचं नाही. जिथं आहे तिथंच टाक काय टाकायचं ते. आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी ज्याची वस्तू त्याला विचारावं."

"चुकलंच," गुणाजी म्हणाला. मनापासून म्हणाला. आणि दोन गाठी मारल्या.

आता हौसाला अंडी चालत होती. घरची कोंबडी रोज अंडं घालायची. दुसऱ्या दिवशी गुणाजी खुराड्यासमोर उकिडवा बसला. वस्तू कोंबडीची, तेव्हा विचारायला हवं. "घिऊ का गं अंडं?" कोंबडीनं एका डोळ्यानं बघितलं. मग दुसऱ्या डोळ्यानं. बोलली काहीच नाही. गुणाजी रिकाम्या हातानं परत आला. असं चार दिवस चाललं. खुराड्यात चार अंडी साठली, आणि हौसा चार दिवस दोडका खाऊन कंटाळली.

"अवो, कोंबडी काय बोलणार हाय?" ती शेवटी ओरडली. "विचारल्यावर गप बसली म्हंजी हो म्हणाली!"

हे त्याला फार पटलं. गाठ मारून तो धावतच गेला आणि चारही अंडी घेऊन आला.

तीन आठवडे गेले. हौसा रोज गोळ्या घेत होती, किसलेल्या फ्लॉवरवर ताक आणि तुपाची जिऱ्याची फोडणी घेत होती, आणि भाताचं नाव काढलं की उसासा टाकत होती. गुणाजीचा हात आता बसला होता. त्यानं केलेली मेथीची भाजी तर हौसानं दोनदा मागून घेतली. मग सहज विचारलं, "ह्यात हिंग घातलाय न्हवं? तपासला का?"

"हिंग कशाला? हिंग काय खाणं हाय? तो वास हाय."

हौसानं डबीतल्या पुडीवर थेंब टाकून दाखवला. पूड काळीनिळी झाली. तयार हिंगात पीठ मिसळलेलं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं. तिला एकदम रडूच आलं. "बारशाला दहा दिवस ऱ्हायलेत वो. आता तरी नीट करा. माझ्या तोंडापाशी जे जे येईल ते आधी तपासत जा. काय बी असू दे."

बायकोच्या डोळ्यांत पाणी बघून गुणाजीचा जीव गलबलला. त्यानं ही गाठ दोन वेळा आवळली.

आणि एका सकाळी तो कपडे वाळत घालत असताना एक चिमटा खाली पडला. तो मागं वळून बघेपर्यंत हौसानं वाकून तो उचलला होता. मग हौसानं चिमटा मुद्दाम खाली टाकला आणि पुन्हा उचलला. गुणाजी तिथंच ओल्या चादरीत तोंड घालून रडला. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता.

बागवानबाई म्हणाल्या, "गोळ्या लागू पडल्यात. खाण्याचाही हातभार असेल. दोन्ही चालू ठेवा." हौसानं घरी येऊन सुई-दोरा काढला आणि थांबत-थांबत का होईना, बाळासाठी झालरीचं टोपरं शिवलं. गुणाजीला म्हणाली, "जराशी खळ द्या ह्याला. झालर उभी ऱ्हायली पायजे."

कापडाला खळ चोरायची नाही. गुणाजीनं टोपऱ्याला तीनदा खळ दिली. त्याची झालर अशी उभी राहिली की टोपरं टेबलावर ठेवलं तर टक्‌ आवाज व्हायचा.

बारशाचा दिवस उजाडला. रंगरावाच्या अंगणात मांडव, घरात पाळण्याला झेंडूच्या माळा, पातेलंभर घुगऱ्या. निकम गुरुजी नव्या टोपीत पहिल्या खुर्चीवर बसले होते. गुणाजीनं हौसाच्या जेवणासाठी पिशवीत फ्लॉवरचा एक गड्डा आणला होता, आणि खिशात बाटली. पंच्याला गाठी एवढ्या झाल्या होत्या की तो खांद्यावर बसत नव्हता.

बायकांनी आधी रीतीप्रमाणं वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून घेतला, वरून दिला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग बाळाला घेतलं, दिलं, आणि हौसाचं टोपरं घालून पाळण्यात निजवलं. बाळाची आई मालन बायकांना घेऊन आतल्या खोलीत गेली. हौसाला साडी नेसवायची होती आणि निरांजन लावायचं होतं.

जाताना हौसा गुणाजीच्या कानाशी आली. "पाळण्यापाशी थांबा. मी आलेच. वाकता येईल न्हवं मला? तोंड पार त्याच्या कानापाशी न्यायला लागतंय."

ती गेली. गुणाजी एकटा उभा राहिला. पाळण्यात बाळ झोपलं होतं. आणि गुणाजीच्या एकदम ध्यानात आलं. हौसाचं तोंड बाळापाशी येणार! आणि बाळ तर तपासलेलंच नव्हतं!

त्यानं घाईनं पंचा ओढला आणि एकेक गाठ चाचपली. तोंडापाशी येईल ते तपासायचं, काय बी असू दे. बाटली काढली. कापायचं नाही, जिथं आहे तिथंच टाकायचं. बरं. ज्याची वस्तू त्याला विचारायचं. तो वाकला. "बाळ, टाकू का थेंब?" बाळ गप. गप म्हणजे हो.

त्यानं टोपऱ्याच्या झालरीवर एक थेंब सोडला.

काळं! निळं! शाईसारखं! गुरुजींच्या टोपीपेक्षा काळं!

पुढच्या गाठींबद्दल त्याला शंकाच नव्हती. स्टार्चचं ते काढायचं. त्यानं बाळाला अलगद उचललं. त्या जागी फ्लॉवर. वरवंट्याचं दुपटं तिथंच पडलं होतं, त्यात गड्डा नीट गुंडाळून त्यानं पाळण्यात ठेवला. काढलेलं गुरुजींकडं. तो बाहेर मांडवात गेला आणि बाळ गुरुजींच्या मांडीवर ठेवलं.

"गुरुजी, ह्ये बी हौसेला चालत न्हाई. तुमीच घ्या."

गुरुजींनी पीठ, तांदूळ, बटाटे, सगळं असंच घेतलं होतं. सवयीनं "बरं" म्हणाले. मग खाली बघितलं आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच.

इकडं पाळण्यापाशी बायका हौसाला घेऊन आल्या होत्या. नवी हिरवी साडी, हातात निरांजन, डोळे आधीच भरलेले. तिला पाळण्यात एक पांढरं गाठोडं दिसलं, त्याच्या पुढं काही दिसलं नाही. तिनं पाळण्याच्या दोऱ्या धरल्या. श्वास घेतला. वाकली. थांबली. आणखी वाकली. हौसा पार खाली गेली, गाल दुपट्याला टेकेपर्यंत, आणि म्हणाली, "कुर्रर्र!"

मग कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत रीतीचे धपके घातले, पण जपून, फुंकर घालावी तसे. हौसा सरळ उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं मोठ्यानं सांगितलं, "नाव ठेवलं धैर्यशील!"

"धैर्यशील!" सगळ्या बायका ओरडल्या. मालननं लेकाला छातीशी धरायला म्हणून उचललं. दुपटं सरकलं. मालननं जी किंकाळी फोडली, ती खालच्या आळीत ऐकू गेली.

तेवढ्यात दारात गुरुजी. हातात बाळ, बाळाच्या टोपऱ्याला काळा डाग. "रंगराव," ते म्हणाले, "तांदूळ मी ठेवून घेतले, पीठही ठेवून घेतलं. पण हे मला या वयात झेपायचं नाही."

कुणाला काही कळेना. सगळ्यांनी गुणाजीकडं बघितलं. गुणाजीनं पंचा पुढं केला आणि पहिल्या गाठीपासून सांगायला सुरुवात केली. रंगराव लाल झाला. मालन रडायची थांबेना. गाठी संपल्या तेव्हा खोलीत एवढी शांतता होती की गुणाजीला वाटलं, सगळे हो म्हणताहेत.

आणि मग हौसा हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, दोन वर्षांत हसली नव्हती तेवढी. ते बघून रंगराव हसला, मग मालनही रडता रडता हसली. बाळाला पुन्हा पाळण्यात निजवलं. हौसा पुन्हा वाकली. एकदा वाकता येईल का म्हणून महिनाभर धास्तावलेली बाई एका दुपारी दोनदा वाकली, आणि दुसऱ्या वेळी तिनं दोऱ्या धरल्यासुद्धा नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर हौसा म्हणाली, "लई भूक लागलीय. घुगऱ्या मला चालत न्हाईत, सकाळधरनं काकडीवर हाय. तेवढा गड्डा किसा आन वाफवा."

गुणाजी चुलीपाशी बसला होता. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला गड्डा होता, आणि तो मांडी हळूहळू हलवत होता. त्यानं हौसाकडं असं बघितलं, जणू तो तिला आज पहिल्यांदाच बघत होता.

"किसू? धैर्यशीलला?" तो म्हणाला. "हौसे, सगळ्या गावादेखत तू नाव ठेवलंस त्याचं. आता आत्याच खायला बसली, तर पोरानं बघायचं कुणाकडं?"